गरम आणि विरळ अणुद्रव्यात पुंजके टिकतात तरी कसे?

तलावपाळीकर | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, मी विज्ञानाचा माणूस नाही. तीस वर्षं जमाखर्च लिहितोय, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. पण आज संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कठड्यावर भाचीने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

भाची ऐरोलीला राहते, भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून तिने त्यावर टिंबं काढली आणि म्हणाली, मामा, हा मरणारा तारा. मोठा तारा कोसळतो तेव्हा त्याच्या गाभ्याच्या थोडं बाहेर नुसतं प्रोटॉन-न्यूट्रॉनचं रसायन असतं. तापमान ५ एमईव्हीच्या घरात. एमईव्ही हे ऊर्जेचं माप, दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट; तापमानात एक एमईव्ही म्हणजे साधारण १,१६० कोटी अंश, म्हणजे हे झाले ५,८०० कोटी. आणि हे द्रव्य म्हणे ‘विरळ’. अणुकेंद्राच्या आतला माल एका घन सेंटिमीटरला २७ कोटी टन भरतो, हा त्याच्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास. सतरा-अठरा लाख टन! विरळ!!

तर या रसायनात छोटे पुंजके होतात. एक प्रोटॉन एक न्यूट्रॉन मिळून ड्युटेरॉन, तिघांचे ट्रायटॉन आणि हेलियम-३, चौघांचा अल्फा कण. इथे माझी गाडी अडली.

एक, ड्युटेरॉनला जोडून ठेवणारी ऊर्जा फक्त २.२ एमईव्ही. भोवती ५ ची भट्टी. तापलेल्या कढईत लोण्याचा गोळा गोळाच कसा राहील?

दोन, हेच द्रव्य दाबत नेलं तर माणसं जवळ येतात तशी कणं जवळ येऊन पुंजके वाढायला हवेत. भाची म्हणते, विरघळतात. का?

तिने सांगायला सुरुवात केली होती, पण ९ची बस होती. कुणाला समजावता येईल का? गणित कमी, पण अगदीच बालवाडी नको.

खिचडी_मोकळीच_हवी | रात्री १०:२०

शीर्षकात ‘गरम’ आणि ‘पुंजके’ वाचून साबुदाण्याचा धागा समजून आले. येतेच आहे तर बसते.

कोपरखैरण्याचा_कोंबडा | रात्री १०:२३

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत.

घोडबंदर_त्रस्त | रात्री १०:३१

तारा मरतोय हे ठीक. पण हे समजून गायमुखच्या घाटातली कोंडी सुटणार आहे का? आज वीस मिनिटांचं अंतर दीड तासात कापलं. विचारतोय आपलं.

कोपरखैरण्याचा_कोंबडा | रात्री १०:३३

@घोडबंदर_त्रस्त, नाही सुटणार. पण तुम्ही दीड तास एका जागी होतात म्हणजे दाट अणुद्रव्याचा अनुभव तुम्हालाच सर्वात जास्त. लिहा काहीतरी.

ट्रॉम्बेचा_म्हातारा | रात्री ११:०४

तलावपाळीकर, प्रश्न चांगला आहे, आणि तो चुकीच्या क्रियापदावर उभा आहे. ‘टिकतात’ हे क्रियापद काढून टाका. पुंजके टिकत नाहीत.

वारीत फुगड्या पाहिल्या असतील. दिंडी थांबली की दहा-वीस जोड्या फिरायला लागतात. तुम्ही उंचावरून फोटो काढलात तर त्यात पंधरा जोड्या दिसतील. पाच मिनिटांनी काढलात तरी साधारण पंधराच. पण जोड्या त्याच नाहीत. ही सुटली, ती लागली, कुणी दम लागून बाजूला बसलं. फोटोतला पंधरा हा आकडा कायम, जोडी कायम नाही. ड्युटेरॉनचं तेच. ५ एमईव्हीच्या धक्क्याने २.२ ची जोडी सुटणारच, सुटतेच. पण त्याच वेळी दुसरीकडे दुसरी लागते. लागण्याचा आणि सुटण्याचा वेग जिथे सारखा होतो, तिथे आकडा थांबतो. रसायनशास्त्रात याला समतोल म्हणतात.

आता आकडा कशावर ठरतो? लोकांना वाटतं फक्त बांधणीच्या ऊर्जेवर. तसं नाही. १९२० साली मेघनाद साहांनी ताऱ्यांच्या वातावरणासाठी जे समीकरण मांडलं, त्याचाच चुलतभाऊ इथे लागतो. साहांच्या बाजूची गंमत बघा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेला. तरी ताऱ्याच्या वातावरणात तो दहा हजार अंशांच्या आसपास सुटायला लागतो, म्हणजे १ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षाही कमी तापमानाला! बांधणीच्या सोळाव्या हिश्श्यालाच जोडी तुटते. कारण तिथे जागा प्रचंड मोकळी. एकदा सुटलेला इलेक्ट्रॉन परत कुणाच्या हाती लागत नाही. तुमच्या ताऱ्याच्या पोटात उलट आहे. सुटलेल्याला पुढचा जोडीदार लगेच भेटतो. म्हणून बांधणीच्या दुप्पट तापमानालाही जोड्या दिसतात.

तेव्हा लोण्याचा गोळा विसरा. फुगडी धरा.

शंकासुर | रात्री ११:२६

काका, फुगडी आवडली पण एक शंका. नाव सार्थ करतो. दोन मोकळे कण धावत येऊन धडकले तर त्यांच्याकडची ऊर्जा जाते कुठे? ती कुणाला तरी दिल्याशिवाय ते बांधले कसे जातील? धडकले की परत उडूनच जायला हवेत.

ट्रॉम्बेचा_म्हातारा | रात्री ११:४०

बरोबर पकडलंत. दोघांचं जमायला तिसरा लागतो. शेजारून जाणारा एखादा न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन जादाची ऊर्जा घेऊन पळतो आणि मागे जोडी राहते. लग्नातला मध्यस्थ म्हणा. या द्रव्यात मध्यस्थांना तोटा नाही.

मध्यस्थ नसेल तर प्रकाशकण ते काम करतो. विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत तेच झालं. पण तिथे एका न्यूक्लिऑनमागे (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) अब्जाहून जास्त प्रकाशकण होते आणि तेच जोड्या मोडतही होते. त्यामुळे विश्व ०.१ एमईव्हीच्या खाली निवेपर्यंत ड्युटेरॉनला उभं राहता आलं नाही. ते झाल्यावर मात्र झपाट्याने हेलियम झाला, वस्तुमानाच्या साधारण पाव हिस्सा. ड्युटेरॉन तोच, २.२ तेच, पण भोवतीची गर्दी वेगळी म्हणून निकाल वेगळा.

शब्दखुळा | सोमवार, सकाळी ७:५०

अवांतर: ‘पुंजके’ खटकतंय. पुंजका म्हणजे ढगाचा, कापसाचा, केसांचा, कडा नसलेला. चार कणांचा बांधीव अल्फा हा पुंजका कसा? ‘घोस’ म्हणा. किंवा सरळ क्लस्टर. आणि ‘अणुद्रव्य’ म्हणजे अणूंचं द्रव्य असा अर्थ होतो. ‘केंद्रकीय द्रव्य’ हवं.

खिचडी_मोकळीच_हवी | सकाळी ८:०२

घोस द्राक्षांचा. गुठळी म्हणा की. पिठल्यात होते तीच.

शब्दखुळा | सकाळी ८:०५

गुठळी रक्ताचीही होते. अपशकुनी वाटते.

खिचडी_मोकळीच_हवी | सकाळी ८:०९

मग रवीने घोटा. (पिठल्याची गुठळी घोटल्याशिवाय मोडत नाही, आतलं पीठ कोरडंच राहिलेलं असतं. इथे मात्र काका म्हणतात आपोआप मोडते आणि आपोआप होते. म्हणजे गुठळी शब्द खरंच चालणार नाही. मागे घेते.)

ट्रॉम्बेचा_म्हातारा | सकाळी ८:३०

आम्ही चाळीस वर्षं ‘क्लस्टर’ म्हणत आलो आणि कुणाचं अडलं नाही. पण पुंजका मला आवडला. कडा नसलेला, हेच तर त्याचं लक्षण आहे. ड्युटेरॉनमधले दोघं एकमेकांपासून सरासरी ४ फर्मीवर (एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग) असतात आणि बरेचदा त्याहून लांब. ज्या बलाने ते बांधलेत ते बल दीड-दोन फर्मीच्या पलीकडे फारसं पोचत नाही. म्हणजे हात सुटलेले, फक्त नजरेने धरलेले. शब्दखुळांनी नकळत बरोबर व्याख्या केली.

डोंबिवलीकर_खिडकीवाला | सकाळी ९:१४

दाबल्यावर विरघळतात हा दुसरा प्रश्न मला सोपा वाटतो. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये चार मित्र एकत्र बसून गप्पा मारतात. तोच ग्रुप सकाळी ८ च्या फास्टमध्ये बघा. एक दारात, एक पॅसेजमध्ये, एक कुणाच्या तरी काखेत. ग्रुप आहे कुठे? सगळा डबा मिळून एकच लगदा. जागाच नाही म्हणून पुंजका नाही. संपलं.

ऐरोलीकडची_भाची | सकाळी ११:४७

नमस्कार. मीच ती भाची. मामा, तू माझं नाव न सांगता सगळं सांगितलंस, शेंगदाण्यासकट. लेक्चर आत्ता संपलं म्हणून लिहिते.

डोंबिवलीकर दादा, तुमचं उदाहरण जवळपास बरोबर आहे, पण नेमक्या मुद्द्यावर चुकतं. अडचण जागेची नाही. या घनतेला, समजा एका घन फर्मीत ०.००१ कण, शेजारी सरासरी १० फर्मीवर असतो. खूप जागा आहे. तरीही ड्युटेरॉनची बांधणी सैल व्हायला लागते. तेव्हा उभं राहायला जागा नाही हे कारण असूच शकत नाही.

खरं कारण पाउलीचा नियम. दोन सारखे न्यूट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. अवस्था म्हणजे नुसती जागा नाही, जागा आणि संवेग मिळून जी होते ती. आता ड्युटेरॉन म्हणजे काय? त्यातला प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एक विशिष्ट तऱ्हेने हलत असतात, मुख्यतः कमी संवेगाच्या अवस्था वापरून. त्या अवस्था वापरायला मिळाल्या तरच जोडी बांधली जाते. भोवती मोकळे कण वाढले की याच कमी संवेगाच्या अवस्था ते आधी भरून टाकतात.

लोकलमध्ये सांगायचं तर असं. आमच्या ओळखीचं एक भजनी मंडळ ठाण्याहून चढतं. त्यांना समोरासमोरच्या दोन बाकांची जागा लागते, टाळ-मृदंग घेऊन. डब्यात उभं राहायला भरपूर जागा असली तरी उपयोग नाही, त्यांना ते दोन बाकच हवेत. आणि गाडी ठाण्यात येते तेव्हा त्या बाकांवर कल्याण-डोंबिवलीची माणसं आधीच बसलेली असतात.

ते बाक म्हणजे कमी संवेगाच्या अवस्था. बसलेली माणसं म्हणजे पाउलीचा अडसर. माणसं आहेत, भजनाची इच्छा आहे, पण भजन होत नाही. दाटी वाढवत नेली की एका टप्प्याला बांधणीची ऊर्जा शून्य होते आणि जोडी ही गोष्टच उरत नाही. त्या टप्प्याला मॉट बिंदू म्हणतात, नेव्हिल मॉट यांच्यावरून. त्यांचं मूळ काम घनपदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांवरचं, १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. अणुद्रव्यासाठी हा विचार गेर्ड रोपके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नीट मांडला.

डोंबिवलीकर_खिडकीवाला | दुपारी १२:०५

म्हणजे फिरून डोंबिवलीकरच व्हिलन. ताऱ्याच्या पोटातसुद्धा.

कोपरखैरण्याचा_कोंबडा | दुपारी १२:०७

ट्रान्स हार्बरवाले शांतपणे बघत आहेत. आमचा मॉट बिंदू तुर्भ्याला येतो.

घोडबंदर_त्रस्त | दुपारी १२:३०

कबूल करतो, बाकाचं उदाहरण कळलं. म्हणजे रस्ता रुंद करून उपयोग नाही, सिग्नलची हिरवी वेळ आधीच दुसऱ्यांनी घेतलेली असते. असंच ना?

ऐरोलीकडची_भाची | दुपारी १२:५२

@घोडबंदर_त्रस्त, हो, बरंचसं तसंच!

एक पुरवणी. सगळ्या जोड्या एकाच वेळी विरघळत नाहीत. अख्खा ड्युटेरॉनच वेगात पळत असेल तर त्यातले कण जास्त संवेगाच्या अवस्था वापरतात आणि त्या बऱ्याच रिकाम्या असतात. म्हणून दाट द्रव्यात संथ जोड्या आधी मोडतात, पळत्या जोड्या तगतात. आणि तापमान वाढवलं की मोकळे कणही वर पसरतात, खालचे बाक थोडे रिकामे होतात, मॉट बिंदू जास्त घनतेकडे सरकतो. ढोबळमानाने अणुकेंद्राच्या घनतेचा शंभरावा ते दहावा हिस्सा या पट्ट्यात सगळं नाट्य घडतं. त्यापुढे एकसंध द्रव्य.

शंकासुर | दुपारी ३:१५

वाचायला छान आहे. पण हे पाहिलंय कुणी? ताऱ्याच्या पोटात थर्मामीटर घालून आलंय का कुणी? समीकरणं लिहायची, पाउलीचं नाव घ्यायचं, झालं.

ट्रॉम्बेचा_म्हातारा | संध्याकाळी ५:२२

घातलाय, थोडा वाकडा मार्ग करून. टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणारं यंत्र) जोसेफ नाटोविट्झ यांच्या गटाने अर्गॉन आणि जस्ताची अणुकेंद्रं कथिलावर आदळवली, दर न्यूक्लिऑनमागे ४७ एमईव्हीने. आदळल्यावर मधला भाग तापतो, फुगतो आणि विरळ होत उडून जातो. फुगताना काही क्षण त्याचं तापमान ५ ते १० एमईव्ही आणि घनता नेमकी आपल्याला हवी त्या पट्ट्यात असते. बाहेर पडणारे ड्युटेरॉन, ट्रायटॉन, हेलियम-३, अल्फा मोजायचे. लवकर निघालेले वेगवान, उशिरा निघालेले संथ, म्हणून वेगाप्रमाणे वेगळे केले की फुगण्याचे टप्पे एकेक करून दिसतात. २०१२ मध्ये त्यांनी दोन गोष्टी छापल्या. जुन्या कोष्टकांमधले पुंजक्यांचे अंदाज या मोजणीशी ताडून पाहिले, आणि घनता वाढते तशी बांधणी कशी शून्याकडे जाते ते काढलं.

जुन्या कोष्टकांबद्दल एक. सुपरनोव्हाचं, म्हणजे ताऱ्याच्या अशा स्फोटाचं, गणित करणारे वर्षानुवर्षं १९९१ च्या लॅटिमर-स्वेस्टी आणि १९९८ च्या शेन व सहकाऱ्यांच्या कोष्टकांवर विसंबून होते. त्या दोन्हींत हलक्या पुंजक्यांपैकी फक्त अल्फा धरलेला आहे. ड्युटेरॉन, ट्रायटॉन हिशोबातच नाहीत. तलावपाळीकर, जमाखर्चाच्या माणसाला सांगतो, मोठ्या नोटा मोजल्या आणि चिल्लर सोडून दिली. चिल्लरच जास्त निघाली तर?

शंकासुर | संध्याकाळी ६:४०

काका, ही टक्कर किती वेळ चालते? सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागाहून कमी ना? एवढ्यात तुमचा तो समतोल येतो कुठून? फुगडीला निदान पाच मिनिटं होती. आणि घनता कशी मोजली? फुटपट्टी लावली?

ट्रॉम्बेचा_म्हातारा | रात्री ९:१०

दोन्ही शंका रास्त. पहिली: अणुकेंद्रातले कण इतके जवळ आणि इतके वेगवान की तेवढ्या वेळात त्यांच्या एकमेकांशी धडका होऊन जातात, पण ‘समतोल पूर्ण आला’ असं शपथेवर कुणी सांगणार नाही. गृहीत धरून पुढे जातात आणि मोजलेले आकडे त्यात बसतात का ते बघतात.

दुसरी जास्त बोचरी. घनता थेट मोजलेली नाही. जवळ आलेले कण चिकटतात असं धरून, पुंजक्यांच्या संख्येवरून मागे हिशोब करून आकारमान काढलेलं आहे. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच पेपर काढायला लावल्यासारखं थोडं आहे. म्हणूनच २०२० मध्ये फ्रान्समधल्या गानिल प्रयोगशाळेतल्या झेनॉन-कथिल टकरींची आकडेवारी दुसऱ्या गटाने वेगळ्या पद्धतीने चाळली. त्यातही भोवतीच्या द्रव्याचा परिणाम धरल्याशिवाय आकडे जुळले नाहीत. त्या शोधकयंत्राचं नाव इंद्रा आहे, आपल्या इंद्राशी संबंध नाही, फ्रेंच आद्याक्षरं आहेत.

कोपरखैरण्याचा_कोंबडा | रात्री ९:१३

सहस्र डोळे असलेलं शोधकयंत्र आणि नाव इंद्रा. संबंध नाही कसा?

शब्दखुळा | रात्री ९:३०

अवांतर, पण +१. शाप होता तो, शोधकयंत्र नव्हतं.

ऐरोलीकडची_भाची | रात्री १०:१५

शंकासुर काका, मला स्वतःला २०२१ चा ओसाकाचा प्रयोग जास्त पटतो, त्यात असं फुगवून मागे हिशोब करणं नाही. त्यांनी थंड, साध्या कथिलाच्या अणुकेंद्रांवर वेगवान प्रोटॉन मारले आणि अल्फा कण ठोकरून बाहेर येतो का ते पाहिलं. कथिल-११२ पासून कथिल-१२४ पर्यंत वेगवेगळी समस्थानिकं घेतली. अणुकेंद्राची कड म्हणजे आपोआपच विरळ द्रव्य, आतला लगदा तिथे पातळ होत गेलेला असतो. आणि तिथे अल्फा मिळाले. न्यूट्रॉन वाढले, कडेला न्यूट्रॉनांची साय जाड झाली, तसे अल्फा कमी मिळाले. पुंजक्यांच्या सिद्धान्ताने हेच आधी सांगितलं होतं. म्हणजे यासाठी तारा मरायलाच हवा असं नाही, डब्यातल्या कथिलाच्या कडेलाही हे चालू आहे.

खिचडी_मोकळीच_हवी | रात्री १०:२१

साय! आत्ता कळलं. दुधात नाही, कडेला धरते.

घोडबंदर_त्रस्त | मंगळवार, सकाळी ८:४८

(फाउंटन हॉटेलच्या अलीकडे उभा आहे, वेळच वेळ.) चेष्टा सोडून विचारतो. हे पुंजके असले काय नि नसले काय, ताऱ्याला काय फरक पडतो?

ट्रॉम्बेचा_म्हातारा | सकाळी १०:३५

२३ फेब्रुवारी १९८७. शेजारच्या मॅगेलनच्या मोठ्या मेघात, एक लाख साठ-सत्तर हजार प्रकाशवर्षांवर, तारा कोसळल्याची वर्दी पृथ्वीवर आली. जपानच्या कामिओकांदेत ११ न्यूट्रिनो (सहसा कशालाच न अडणारे हलके कण), अमेरिकेत मिठाच्या खाणीतल्या आयएमबी टाकीत ८, कॉकेशसमधल्या बक्सानला ५. सगळे मिळून २४, दहा-बारा सेकंदांत. मी तेव्हा नोकरीत होतो. कँटीनमध्ये एकाने कागदाच्या कपावर २४ ठिपके काढून दाखवले होते. एवढ्याशा ठिपक्यांवरून ताऱ्याच्या पोटाबद्दल बोलता येतं यावर अर्ध्या टेबलाचा विश्वास बसेना.

कोसळण्यातली ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. ते गाभ्यातून थेट सुटत नाहीत, आत दाट द्रव्यात अडकून धडपडत येतात आणि एका थरानंतर मोकळे होतात. तो मोकळा होण्याचा थर नेमका आपला गरम-विरळ पट्टा आहे. आता त्या दारात मोकळे प्रोटॉन-न्यूट्रॉन उभे आहेत की जोड्या उभ्या आहेत यावर न्यूट्रिनोला किती अडवलं जाईल ते ठरतं. मोकळा न्यूट्रॉन न्यूट्रिनोला गिळू शकतो. अल्फात बांधलेला सहज गिळत नाही, आधी बांधणी तोडण्याची किंमत द्यावी लागते. ड्युटेरॉन मधलाच. स्फोट होणार की फुसका ठरणार हे गणित न्यूट्रिनो बाहेरच्या थराला किती ऊर्जा देतात यावर अडलेलं असतं, म्हणून ही चिल्लर मोजायची.

एका चिल्लरीने स्फोट ठरतो असं मात्र म्हणणार नाही. परिणाम आहे, किती मोठा यावर भांडणं आहेत.

तलावपाळीकर | मंगळवार, रात्री ११:५०

मंडळी, धागा काढून पळालो नव्हतो, तिमाहीचा हिशोब होता. सगळं दोनदा वाचलं. भाचीकडून समीकरण मागवून घेतलं आणि आज येताना-जाताना कॅल्क्युलेटरवर बसलो. ठाण्याला उतरायचं विसरून मुलुंडला परत गेलो.

तापमान ५ एमईव्ही. घन फर्मीत ०.००१ कण, अर्धे प्रोटॉन अर्धे न्यूट्रॉन. फक्त ड्युटेरॉन आणि अल्फा धरले. भोवतालचा अडसर वगैरे काही नाही, साहांचं साधं समीकरण. उत्तर: १०० कणांपैकी ५८ मोकळे, २१ ड्युटेरॉनमध्ये, २१ अल्फामध्ये.

मग तापमान १० केलं, बाकी सगळं तेच. ड्युटेरॉन २१ वरून १३ वर आले. आणि अल्फा? २१ वरून ०.३! तीन वेळा तपासलं. अल्फाची बांधणी २८.३ एमईव्ही, ड्युटेरॉनची २.२. भट्टी वाढवली तर ढिला आधी मरायला हवा होता. घट्ट बांधलेला आधी गेला आणि ढिला उरला. हे कसं?

ऐरोलीकडची_भाची | बुधवार, सकाळी ७:३५

मामा!! तू हे गाडीत केलंस?

बरोबर आहे तुझं. फुगडीला दोघं पुरतात. अल्फाला एकाच वेळी, एकाच ठिकाणी चौघं यावे लागतात. थंड असताना मोठी बांधणी त्या अडचणीवर मात करते. तापलं की बांधणीचा फायदा घटतो आणि चौघांना एकत्र आणण्याची अडचण तेवढीच उरते, उलट वाढते. घातांक बघ तुझ्या वहीत. एकीकडे मोकळ्या कणांची संख्या वर्गात आहे, दुसरीकडे चौथ्या घातात.

पण एक चूक आहे, तुझी नाही, समीकरणाची. ५ एमईव्हीला ड्युटेरॉनचा जो घटक आहे त्यात बांधणीचा भाग फक्त दीडपट आहे. म्हणजे बांधणी शून्य धरली असती तरी तुला बऱ्याच ‘जोड्या’ मिळाल्या असत्या. त्या खऱ्या जोड्या का? नुसते एकमेकांजवळून गेलेले दोघंही त्यात मोजले जातात. हे १९३६-३७ मध्ये बेथ आणि उहलेनबेक यांनी दुरुस्त केलं. (हे बेथ वेगळे, सूर्य का जळतो ते सांगणारे हान्स बेथे वेगळे. मी परीक्षेत घोळ घातलाय.) विखुरणाऱ्या जोड्यांचा हिशोब नीट घातला की तुझे ड्युटेरॉनचे २१ बरेच खाली येतात. शिवाय ट्रायटॉन आणि हेलियम-३ तू धरलेच नाहीस, ते आपला वाटा मागतील.

ट्रॉम्बेचा_म्हातारा | सकाळी ८:२०

तलावपाळीकर, निवृत्तीनंतर काय करणार विचारलं तर आता उत्तर आहे. भाचीचा मुद्दा नीट धरा, या विषयातली खरी मारामारी तिथेच आहे. दोघं जवळून गेले तर त्यांना जोडी म्हणायचं की नाही. गरम द्रव्यात ती रेघ पुसट होते.

शंकासुर | सकाळी ८:४१

म्हणजे ‘पुंजके टिकतात कसे’ पासून ‘पुंजका म्हणजे काय’ पर्यंत आलो. मी खूश.

शब्दखुळा | सकाळी ८:४४

कडा नसलेला. पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

डोंबिवलीकर_खिडकीवाला | सकाळी ९:०२

आत्ता ठाण्यात भजनी मंडळ चढलं. सात जण. मी उठून जागा दिली, एकाने टाळ हातात दिले. फार वाईट वाजवले. नोंद घ्यावी.

तलावपाळीकर | सकाळी ९:३०

घेतली. मुली, रविवारी वही घेऊन तलावपाळीला ये, ट्रायटॉन राहिलेत. शेंगदाणे मी आणतो. आणि ९ नंतरची बस कितीची आहे ते आधी बघून ठेव.